कष्ट राहू द्या, आई-वडिलांच्या हातातलं कसब सांगा

पाचट

इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "बापानं ढोरासारखं राबून आम्हाला शिकवलं." खाली हात जोडलेल्या बाहुल्यांची रांग. लिहिणाऱ्याबद्दल काही म्हणणं नाही, पण अशी वाक्यं वाचली की मला हटकून वाटतं, अरे, पण तुझा बाप करायचा काय ते तर सांग! ढोरासारखं म्हटलं की विषयच संपतो.

माझे आई-बाबा ऊसतोडीला जायचे. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे निघायचं आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परतायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, तसा आमचा एक कोयता. मी लहानपणी काही वर्षं बरोबर होतो, नंतर आजीपाशी गावात राहिलो. मला बाबांची लाज वाटायची, मग डोळे उघडले वगैरे काही झालेलं नाही. ते मला पहिल्यापासून भारी वाटायचे आणि त्याला कारणं होती.

ऊस तोडायचा तो जमिनीलगत. बुडख्यात साखर जास्त, शेंड्याकडे कमी. खुंट वर राहिला तर शेतकऱ्याचं वजन जातं आणि कारखान्याचा साखरेचा उतारा. शिवाय खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातूनच येणारं पुढचं पीक, राखायचा असेल तर जमिनीखालच्या डोळ्यातून येणारा फुटवा जोमदार असतो, वर राहिलेल्या खुंटातून आलेला मरतुकडा. बाबा वाकून डाव्या हातात तीन-चार ऊस धरायचे आणि कोयता मातीला चाटून न्यायचे. रुतला तर धार गेली, वर राहिला तर खुंट राहिला. या दोन्हीच्या मधली जागा बोटभर. त्याच झपाट्यात पाचट, म्हणजे वाळलेला पाला, सोलायचं, शेंड्याचं वाढं छाटायचं, ऊस मागे टाकायचा. मागे आई. ती वाढ्याचाच पीळ देऊन मोळी बांधायची. डोक्यावरून गाडीपर्यंत नेताना ती मोळी सुटलेली मी कधी पाहिली नाही.

संध्याकाळी बाबा कोपीसमोर, म्हणजे आमच्या झोपडीसमोर, कानस घेऊन बसायचे. धार आली की नाही हे बोट लावून बघायचे नाहीत. कानशीचा आवाज बदलला की थांबायचे. मला तो बदल अजूनही ऐकू येत नाही, आणि मी ध्वनिमुद्रणाचं काम करतो!

पण खरी कमाल गाडी भरण्यात. आमची बैलजोडी होती, कारखान्याची टायरगाडी. दोन-अडीच टन ऊस दोन चाकांवर चढवायचा. पुढे भार जास्त झाला तर गाडी धुरजड, सगळं ओझं बैलांच्या मानेवर. मागे जास्त झाला तर उलाळ, जू वर जातं, बैलांच्या गळ्याला जोताचा फास बसतो. बाबा भरताना बोलायचे नाहीत. भरून झालं की जुवाखाली तळहात घालून एकदा उचलून बघायचे. मग दोन मोळ्या मागच्या पुढे, नाहीतर पुढच्या मागे. पुन्हा उचलायचे. वाटेत चढ आहे का उतार, त्यावरही ते ठरायचं. आमच्या टोळीतल्या नव्या पोरांच्या गाड्या बाबा बघून द्यायचे.

आणि वजनाचा अंदाज. कारखान्याच्या वजनकाट्यावर जायच्या आधी आकडा सांगायचे, तो पन्नास-साठ किलोंच्या फरकानं यायचा. एकदा एका काट्यावर चिठ्ठीतला आकडा बराच कमी आला. बाबांना चिठ्ठी वाचता येत नव्हती, मी वाचून दाखवली. "गाडी परत चढवा," म्हणाले. मागे गाड्यांची रांग, काटेवाला शिव्या देतोय, बाबा जागचे हलेनात. परत चढवली, आकडा वाढला. कोण चुकलं, का चुकलं यात जात नाही. मी तेव्हा तिसरीत होतो आणि बाबांच्या मांडीएवढा होतो, एवढंच.

तुम्हीही लिहा. मजुरी करणाऱ्यांच्या मुलांनीच लिहावं असं नाही. ज्यांच्या रानात मजूर येतात त्यांनीही लिहा, पण जवळून पाहिलेलं लिहा.

चहाबिस्किट

डोळ्यात पाणी आलं. तुमच्या वडिलांना साष्टांग नमस्कार. 🙏

पाचट

धन्यवाद. पाणी पुसा आणि तुमच्याकडचं काहीतरी सांगा.

डोंगरपायथा

पाचट दादा, फार बरं केलंत धागा काढून. उलाळ शब्द किती वर्षांनी वाचला.

माझी आई पेठ तालुक्यातली. आमच्याकडे भात-नागली निघाली की पुढे काम नाही, म्हणून बाया-माणसं खाली निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांवर उतरतात. ऑक्टोबरच्या गोडी (फळासाठीच्या) छाटणीपासून माल निघेपर्यंत तिथेच. आई आमच्या पाड्यातल्या बायांची टोळी घेऊन जाते. अजूनही जाते, मी नोकरीला लागून वर्षं झाली तरी.

ती विरळणीत हुशार. ज्यांनी बाग पाहिली नाही त्यांच्यासाठी: द्राक्षाच्या घडाला मणी भरमसाट धरतात. सगळे ठेवले तर मोठे होताना एकमेकांना दाबतात, आतले फुटतात, घड सडतो. म्हणून मणी बाजरी-ज्वारीएवढे असतानाच कात्रीनं नको ते काढून टाकायचे. कुठले नको, हे त्या वेळी दिसत नाही. तीन महिन्यांनी घड कसा दिसणार आहे तो डोक्यात ठेवून आज कात्री चालवायची. जास्त काढले तर घड मोकळा पडतो, वजन जातं, मालक ओरडतो. कमी काढले तर गच्च, निर्यातीवाला नाकारतो, मालक तेव्हाही ओरडतो.

आई घडाला खालून दोन बोटांचा आधार देते आणि घड फिरवत नाही, स्वतः फिरते. मी दहावीच्या सुट्टीत तिच्याबरोबर गेले होते. माझा एक घड होईपर्यंत तिचे पाच-सहा झालेले असायचे. मला म्हणाली, "तू मणी मोजतेस. मोजू नको, जागा बघ." मी इतक्या ठिकाणी प्रशिक्षणं घेतली, इतकी नेमकी सूचना मला कुणी दिलेली नाही.

तिला सही येते. टोळीचा हिशोब तोंडपाठ असतो: कोण कधी आली, कुणी अर्धा दिवस केला, कुणाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, किती. वही मी घेऊन दिली होती. त्यात ती नातवाला चित्रं काढायला देते.

सातबारा

नाव सातबारा असलं तरी माझ्या घरात कुणाच्याच नावावर सातबारा नाही, म्हणून हे नाव घेतलं. आधी सांगून ठेवतो.

वर लिहिलेलं सुंदर आहे. पण कौतुकाची मला भीती वाटते. कसब म्हणा, कष्ट म्हणा, कौतुक करणाऱ्याचा खिसा हलत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात शेतमजूर १४ कोटींवर आणि शेतकरी १२ कोटींच्या आत होते. म्हणजे शेतात राबणाऱ्यांत स्वतःची जमीन कसणाऱ्यांपेक्षा दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारे जास्त. पेपरात, भाषणात, व्हॉट्सॲपवर 'बळीराजा' कोण? जमीनवाला. मजूर त्या चित्रात मागे कुठेतरी वाकलेला असतो.

माझे वडील सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचं. वर्षाचे पैसे आणि काही पायली धान्य असा बोलीचा व्यवहार, कागद नाही. पहाटे गोठ्यापासून रात्री मोटर बंद करेपर्यंत काम. पाडव्याच्या आदल्या रात्री वडील झोपायचे नाहीत, कारण उद्या बोलायचं असायचं. त्यांचं मोठेपण मला विचाराल तर ते हे: दर पाडव्याला ते मालकाच्या ओसरीवर उभे राहून थोडे तरी वाढवून मागायचे. आवाज चढवायचे नाहीत. मागच्या वर्षी आपण काय काय केलं हे एकेक सांगायचे. कुठली विहीर उपसली, कुठल्या गाईचं अडलेलं वासरू रात्री ओढून काढलं, कुठला बांध फुटला तो कधी घातला. यादी संपली की गप्प उभे. मालक बोलेपर्यंत गप्प. मी दाराआडून बघायचो. पुढे मी कंपनीत पगारवाढ मागायला गेलो तेव्हा हेच केलं. वाढ मिळाली, वडिलांना कधीच मिळाली नव्हती त्या प्रमाणात.

तेव्हा माझं म्हणणं असं, की कसबाबरोबर दरही लिहा.

पाचट

सातबारा, तुमच्या वडिलांची ती यादी... क्या बात है.

दर लिहितो. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड संघटनांत ३४ टक्के वाढीचा करार झाला. टनाला २७३ रुपयांच्या आसपासची तोडणी ३६६ च्या घरात गेली. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो, म्हणजे दोन माणसांची पहाटेपासूनची मजुरी किती, तो गुणाकार ज्याचा त्यानं करावा. हातात मात्र ती येत नाही, कारण टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. ती हंगामभर फिटत राहते. फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे. एक दिवस खाडा पडला तर तोही उचलीत धरतात, आजारी असा नाहीतर बाळंत.

आणि बाया. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. माझ्या आईच्या बरोबरीच्या बायकांत ही गोष्ट बातमी येण्याआधीपासून सगळ्यांना ठाऊक होती. यावर वेगळा धागा हवा. इथे उरकण्याचा विषय नाही.

बागायती

मी दुसऱ्या बाजूचा. निफाड तालुक्यात द्राक्ष आहे, थोडा कांदा.

राग मानू नका, पण इथलं मजुरांचं चित्र आणि माझ्या बांधावरचं चित्र जुळत नाही. मजूर मिळत नाही. मिळाला तर गाडी पाठवा, सकाळी दहाला येणार, पाचला हात धुणार. मजुरीचा रोज दर वर्षी वाढतो, द्राक्षाचा भाव दर वर्षी पडतो. औषधं, खतं, मजुरी, बँक सगळ्यांचे दर ठरलेले, फक्त माझ्या मालाचा नाही. गारपीट झाली की मजुराचा रोज बुडतो, माझं वर्ष बुडतं.

एवढं बोलून झालं. आता धाग्याच्या विषयावर. डोंगरपायथा यांनी विरळणीचं लिहिलंय ते शंभर टक्के खरं. माझ्याकडे एक टोळी यायची, त्यातली एक बाई घडाकडे बघून सांगायची, "या वेलीला पाणी कमी पडतंय." ठिबकच्या ड्रिपरला कचरा अडकलेला निघायचा. दोनदा झालं तसं. मी बीएस्सी ॲग्री आहे. मला दिसलं नव्हतं.

सातबारा

बागायती, तुमच्या अडचणी खोट्या आहेत असं कुणीच म्हणत नाहीये. पण त्या बाईनं ड्रिपर दाखवला त्या दिवशी तिला रोज किती दिलात?

बागायती

बाकीच्यांना दिला तेवढाच. समजलं तुमचं म्हणणं.

जात्यावरची

तुम्ही दोघं भांडून घ्या, तोवर मी माझ्या आईचं सांगते. मी साठीच्या पुढची, त्यामुळे लांबलं तर समजून घ्या.

१९७२ चा दुष्काळ. मी आठ-नऊ वर्षांची. आमची तीन एकर कोरडवाहू होती, त्या वर्षी तिचा उपयोग नव्हता. आई पाझर तलावाच्या कामावर जायची. लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी, हे सगळ्यांना आठवतं. मला आईचं खोदकाम आठवतं.

त्या कामात मजुरी मोजमापावर. जेवढी माती काढली तेवढे पैसे, बाईला आणि पुरुषाला दर एकच. रानात बाईला कमी मिळायचं, इथे माती मोजली जायची, बाई-पुरुष नाही. खड्डा किती खोल गेला हे कळावं म्हणून मधे मूळ जमिनीचा एक खांब न खणता तसाच सोडायचा आणि आठवड्यानं माप घ्यायला येणारा माणूस त्या खांबाच्या उंचीवरून हिशोब करायचा. आता गंमत बघा. पहिल्या दिवशी कामाची जागा मिळाली की आई कुदळ हातात न घेता आधी ती जागा चालून बघायची. नजरेला सपाट वाटणाऱ्या त्या तुकड्यात जिथे जमीन तीन-चार बोटं वर असेल, तिथे पायानं खूण करायची. खांब तिथे. माप नेहमी थोडं जास्तच निघायचं. मापवाला खांबाकडे बघायचा, आईकडे बघायचा, लिहून घ्यायचा. खांब कुठे सोडायचा हे काही त्याच्या नियमात लिहिलेलं नव्हतं.

शाळेत मला भूमितीत कधी अडलं नाही, त्याचं श्रेय मी तिला देते. बाई निरक्षर होती.

तरुण मंडळींसाठी थोडी माहिती. अशी सरकारी कामं देणाऱ्या रोजगार हमी योजनेची मूळ कल्पना वि. स. पागे यांची, ते विधान परिषदेचे सभापती होते. १९७२ मध्ये योजना राज्यभर सुरू झाली, १९७७ मध्ये कायदा झाला. आणि तुमच्या पगारातून जो व्यवसाय कर कापला जातो ना, तो १९७५ मध्ये या योजनेला पैसा उभा करायला लावलेला. सुनेच्या पगाराच्या चिठ्ठीवर तो आकडा दिसला की मी म्हणते, "हे माझ्या आईचे." ती हसते.

चहाबिस्किट

खांबाची आयडिया! 😂 काकू, तुमची आई आज असती तर कंत्राटदार झाली असती.

जात्यावरची

कंत्राटदार नको गं बाई. मापवाली झाली असती तर चाललं असतं.

कपाशी

यवतमाळकडचा. आमच्याकडे बापाले बाप म्हणतात, म्हणून तसंच लिहितो.

माझा बाप फवारणीचं काम करे. पाठीवर पंप, कपाशीचे तास, म्हणजे ओळी. आता लोक म्हणतील त्यात काय कसब. लय आहे. वारा कोणीकडून येते ते बघून तास धरावा लागते, वाऱ्याले पाठ देऊन. नोझल किती उंचीवर, पाय किती चालवायचा, नाहीतर अर्धं औषध जमिनीवर. बाप फवारून आलेल्या कपाशीत पान उलटून बघा, खालूनही ओलं असायचं. मावा-तुडतुडे पानाच्या खालीच राहतात.

पण मला बापाचं जे आवडते ते वेगळं. २०१७ ची गोष्ट. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती आणि लोक दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारत होते. उंच पिकात फवारलं की सगळं अंगावर, तोंडावर. बाप एका मोठ्या कास्तकाराच्या वावरात गेला, बांधावरून पीक बघितलं आणि पंप खाली ठेवून दिला. "हे वावर मी मारत नाही." कास्तकार रोज जास्त देतो म्हणला, तरी नाही. दुसरा माणूस भेटते म्हणला. बाप म्हणे, "त्यालेही सांगीन." आणि खरंच गावात हिंडून दोघा-तिघांले सांगून आला. घरी माय चिडली, कारण त्या हप्त्यात घरात पैसा नव्हता.

त्यानंतर काय झालं ते पेपरात आलंच. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसवर माणसं मेली, शेतकरी होते, मजूर होते. शेकडो दवाखान्यात. मी तेव्हा बारावीत. लोक मला विचारतात तुझा आदर्श कोण. मी सांगतो, कामाले नाही म्हणणारा माझा बाप.

सातबारा

कपाशी भाऊ, हे इथलं सगळ्यात मोठं कसब झालं. रोजावर जगणाऱ्याला नाही म्हणणं किती महाग पडतं, ते ज्याचं पडतं त्यालाच माहीत.

लाटांपलीकडे

कोकणातून हजेरी. आमच्याकडे भातलावणीला आई गावात पहिली उभी राहायची, म्हणजे रांगेचं टोक तिचं. तिच्या हातच्या रोपांची ओळ धरून बाकीच्या बायका मागे सरकत. ती वाकडी गेली तर सगळं शेत वाकडं. शिवाय आवणाची, म्हणजे भातरोपांची, जुडी किती रोपांची सोडायची, चिखलात किती खोल टोचायची हे बोटांना कळतं. खोल गेलं तर फुटवे कमी, वर राहिलं तर पहिल्या पावसात तरंगतं. बाकी सविस्तर पुन्हा कधीतरी, आता मोबाइलवरून लिहितोय.

खडूफळा

शिक्षक आहे, जिल्हा परिषद शाळा, ऊसतोडीचा पट्टा. पाचट यांची परिस्थिती माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांची.

दिवाळीनंतर पट अर्धा रिकामा व्हायचा. पूर्वी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा होत्या, शिक्षण हक्क कायदा आल्यावर त्या मागे पडल्या. मग गावातच हंगामी वसतिगृहं आली, म्हणजे मूल आजी-आजोबांपाशी किंवा नातेवाइकांकडे राहतं आणि जेवणाची सोय शाळेकडून. कागदावर बरं आहे. प्रत्यक्षात आठ वर्षांच्या मुलीला धाकट्या भावाला सांभाळायला उसाच्या फडावर नेतातच, कारण आई तोडायला वाकली की पोर कुणाजवळ ठेवणार?

लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणानं. चौथीला 'माझे बाबा' निबंध दिला होता. ठराविक उत्तरं: माझे बाबा खूप कष्ट करतात, ते मला खूप आवडतात. एका मुलानं चारच ओळी लिहिल्या. "माझे पप्पा ट्रॅक्टर भरतात. फळीवरून मोळी घेऊन चढतात. रात्री पण चढतात. फळी हालती पण पप्पा हालत नाहीत." मी त्याला दहापैकी दहा दिले. केंद्रप्रमुख म्हणाले, शुद्धलेखनाचे गुण कापायला हवे होते. म्हटलं, सर, तुम्ही ती फळी चढून दाखवा, मग कापू.

या पोरांना कोयत्याची धार, बैलाचं दुखणं, टन आणि क्विंटल सगळं कळतं. टनाचं किलोत रूपांतर माझ्या वर्गात कधी शिकवावं लागलं नाही.

पाचट

सर, "फळी हालती पण पप्पा हालत नाहीत" हे मी आईला फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, पाचटावरून पाय घसरतो, फळीवर चढायच्या आधी तळवे मातीत घासून घ्यायचे, त्या पोराला सांग बापाला सांगायला.

खडूफळा

निरोप पोचवतो. तो सांगेल, "पप्पांना माहितीये."

कोरीपाटी

नमस्कार. मी इथे नवीन, वाचतच होते. माझे आई-पप्पा आत्ता फडावर आहेत, सांगली जिल्ह्यात. मी गावात अकरावीला, लहान बहीण आठवीत. आईचं कसब वगैरे मला नीट लिहिता येणार नाही, पण ती फोनवर बोलताना मागे कोयत्याचा आवाज चालू असतो आणि ती एका दमात मला रागावते पण. फोन खांद्यात धरून तोडते. पप्पा म्हणतात, असं करू नको, कोयता लागेल. ती ऐकत नाही.

मला विचारायचं होतं, तालुक्याला ऊसतोड मुलींचं वसतिगृह आहे असं मॅडम म्हणाल्या. त्याला काय लागतं? पप्पा नाहीयेत तर चालेल का?

खडूफळा

ते संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह. ही योजना ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशा ८२ वसतिगृहांची आहे, प्रत्येकी शंभर जागा. सगळी सुरू झालेली नाहीत, म्हणून तुमच्या तालुक्यात प्रत्यक्ष चालू आहे का हे आधी समाजकल्याणच्या कार्यालयात विचार. मुख्य कागद म्हणजे पालक ऊसतोड कामगार असल्याचं ओळखपत्र, ते ग्रामपंचायतीतून मिळतं. पप्पांचं आधीच काढलेलं असेल तर घरात शोध. नसेल तर आजी-आजोबांना घेऊन ग्रामपंचायतीत जा. बहिणीचाही अर्ज त्याच वेळी कर, तिला एकटीला मागे ठेवू नकोस. अडलं तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, मी बोलतो.

कोरीपाटी

ओळखपत्र आहे! पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाबरोबर होतं. धन्यवाद सर. आजीला घेऊन जाते.

पाचट

कोरीपाटी, आईला सांग कानात घालायचे इअरफोन आणून देते म्हणून. आणि तुला लिहिता येत नाही असं कुणी सांगितलं?

बागायती

डोंगरपायथा ताई, थोडं अवांतर. माझी ऑक्टोबर छाटणी होतेय, दर वर्षीची टोळी या वेळी दुसरीकडे गेली. विरळणीला तुमच्या आईची टोळी मोकळी आहे का? एकरी उक्तं ठरवू.

डोंगरपायथा

आईशी बोलले. म्हणाली, बाग बघितल्याशिवाय दर सांगणार नाही, घड किती गच्च आहेत त्यावर ठरेल. राहायला पत्र्याची खोली चालेल, पण संडास हवा आणि लाइट हवी. पाण्याचं आणि ड्रिपरचं तिला काही दिसलं तर ती सांगेल, पण त्याचे वेगळे पैसे घेईल. (हे शेवटचं मी तिला हा धागा वाचून दाखवल्यावर सुचलंय तिला.)

बागायती

मान्य. ड्रिपरचेसुद्धा. व्यनि करतो.

सातबारा

दर ठरला की इथे लिहा.